खाला, मला हर्क्युलस हवा!

बारा वर्षांच्या भाच्याने परवा हट्टच धरला, "खाला, मला हर्क्युलस भुंगा पाळायचाय." मोबाइलवर त्याने जपानची मुले पाहिली होती. तिकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत भुंगे पाळण्याचा छंद जुनाच. १९९९ साली परदेशी भुंगे आणण्यावरचे निर्बंध सैल झाले आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतला, शिंगासकट १७ सेंटिमीटरपर्यंत वाढणारा हा नर तिथल्या दुकानांत दिसू लागला.

देखणा खराच! पण त्याची अळी दीड-दोन वर्षे कुजक्या लाकडाच्या भुशात दडून असते. भुसा बदलत राहायचा, ओल सांभाळायची, तापमान २०-२५ अंशांच्या आसपास ठेवायचे. आपल्या मे महिन्यात काय करणार? एवढे करून पूर्ण वाढलेला भुंगा जगतो जेमतेम काही महिने. शिवाय बाहेर सुटलेल्या काही परदेशी जातींचा देशी भुंग्यांशी संकर होतो, ही जपानी अभ्यासकांची चिंता वेगळीच.

"दीड वर्ष तो दिसणारच नाही?"

"नाही. भुसाच बघायचा."

सध्या कढीपत्त्यावरची फुलपाखराची अळी बरणीत आली आहे. ताजी पाने रोज तोच तोडतो. माझ्या झाडाचे काय झाले, ते विचारू नका.