अब्रूच्या पडद्याआडचे व्यसन

ऑगस्ट 2022 मध्ये मुंबई पोलिसांच्या अमली पदार्थविरोधी पथकाने नालासोपाऱ्यात छापा घालून सुमारे 700 किलो मेफेड्रोन जप्त केले. पोलिसांच्या अंदाजाने त्याची किंमत सुमारे 1,400 कोटी रुपये होती. अफू-गांजाला शेत लागते, ऋतू लागतो. मेफेड्रोनला रसायने आणि बंद दाराची खोली पुरते. वसई-विरार पट्ट्यात औद्योगिक गाळ्यांची वाण नाही. (अशा कामासाठी जाणूनबुजून जागा वापरू देणारा मालकही 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम 25 नुसार शिक्षेस पात्र ठरतो, हे गाळा भाड्याने देणाऱ्यांनी ध्यानी ठेवावे.)

‘एमडी’ किंवा ‘म्याऊ म्याऊ’ अशा लाडक्या नावांनी ही पूड तरुणांत फिरते. ती घेतली की झोप व भूक उडते, हृदयाचे ठोके वाढतात, उत्साहाला भरती येते. नशा उतरताच खिन्नता आणि संशय मागे उरतात, आणि ती खिन्नता घालविण्यासाठी हात पुन्हा त्याच पुडीकडे जातो.

वाईट संगत हे कारण खरे; पण ते अर्धेच आहे. व्यापारी घरातील मुलाचा हात लहान वयातच गल्ल्यापर्यंत पोहोचतो. हातखर्चाचा हिशेब कोणी मागत नाही; धंद्यात मात्र त्याच्या शब्दाला किंमत नसते. रिकामे मन आणि भरलेला खिसा यांची ही गाठ घातक ठरते. पहिली खूणही बहुधा रोजमेळातच उमटते. रोख शिल्लक जुळत नाही. उधारी वसूल होते, पण जमा दिसत नाही. वडील खड्डा गुपचूप भरून काढतात आणि विषय तेथेच मिटतो. सप्तव्यसनांची यादी ज्या घरात बालपणापासून पाठ असते, तेथे व्यसनाची कबुली देणे अधिकच जड जाते. त्यातच धाकट्या बहिणीच्या सोयरिकीची चिंता असते. काही घरे तर ‘लग्न झाले की सुधारेल’ म्हणून परक्याची मुलगी या आगीत आणतात. हा उपचार नव्हे, अन्याय आहे.

गर्दच्या विळख्यात तरुण सापडू लागले, तेव्हा 1986 मध्ये डॉ. सुनंदा आणि अनिल अवचट यांनी पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे केले. व्यसन हा आजार आहे आणि त्याची झळ साऱ्या घराला लागते, ही तेथील धारणा. म्हणूनच रुग्णाबरोबर त्याच्या कुटुंबीयांचेही समुपदेशन तेथे होते. घराने पडदा धरून ठेवला, तर उपचाराला सुरुवातच होत नाही.

पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळणारे पालकही पुष्कळ आहेत. त्याच कायद्यातील कलम 64अ त्यांच्या कामाचे आहे. सेवनाच्या अथवा अल्प प्रमाणातील साठ्याच्या आरोपातील व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. उपचार अर्धवट सोडल्यास ते काढून घेता येते. विक्रेत्याला ही सवलत नाही. प्राथमिक सल्ल्यासाठी 14446 ही शासकीय मदतवाहिनी आहे.