ऋण मायमाउल्यांचे

माघाच्या कोवळ्या उन्हात रथसप्तमी येते, अंगणात सूर्यनारायणाचा रथ रेखला जातो, गोवऱ्यांच्या विस्तवावर बोळक्यातले दूध उतू जाते आणि संक्रांतीपासून घरोघर चाललेल्या हळदीकुंकवाची सांगता होते. ४ फेब्रुवारीचा जागतिक कर्करोग दिनही याच सुमारास येतो. आरोग्यदात्या सूर्याला हात जोडण्याच्या या दिवसांत ढोकीसारख्या तेरणाकाठच्या गावाने आपल्या आरोग्याचाही ताळेबंद मांडावा, हे ओघानेच आले.

हळदीकुंकवाच्या बैठकीत कुणाच्या तरी गाठीचा विषय हलक्या आवाजात निघतो आणि लगोलग उपायही सुचवला जातो: लिंबू पिळून खाण्याच्या सोड्याचे पाणी घ्या, शरीर अल्कधर्मी झाले की कर्करोग टिकत नाही. सांगणारीच्या मनात मायाच असते. शिवाय आम्लता-अल्कता मोजणारा सामू हा शब्द आपल्याला परका नाही; माती परीक्षणाच्या अहवालात तो आपण वाचतो, आणि चोपण रान जिप्सम घालून सुधारते हेही पाहिलेले असते. पण शरीर म्हणजे रान नव्हे. रक्ताचा सामू ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखण्याचे काम फुप्फुसे आणि मूत्रपिंडे रात्रंदिवस करत असतात. खाण्यापिण्याने बदलतो तो फार तर लघवीचा. गाठीभोवती आम्लता आढळते हे खरे, परंतु ती गाठीच्या पेशींनीच साखर जाळताना निर्माण केलेली असते, आपल्या ताटातून आलेली नसते. सोड्याचा अतिरेक मात्र रक्तातील क्षारांचा तोल बिघडवून जिवावर बेतू शकतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाच्या आजी-माजी २६२ कर्करोगतज्ज्ञांनी एकत्र येऊन, हळद-कडुलिंबासारख्या सिद्ध न झालेल्या उपायांपायी उपचार लांबवू नका, असे कळकळीने बजावले, ते याच काळजीपोटी.

अशा उपायांनी सर्वांत मोठी हानी होते ती वेळेची. आधीच आपल्या आयाबहिणी दुखणे अंगावर काढतात. त्यात महिना-दोन महिने पाण्याच्या पेल्यावर विसंबण्यात गेले, की बरी होण्याजोगी गाठ हाताबाहेर जाते.

आणि वेळेचे मोल साऱ्या जगाला पटवून दिले ते ढोकीच्याच जिल्ह्याने. लातूर-मिरज लोहमार्गावर आपल्यापासून जवळच असलेल्या बार्शीत १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. पुढे १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी आपल्या, तेव्हा उस्मानाबाद म्हणवल्या जाणाऱ्या जिल्ह्यात तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास हाती घेतला. एकदाच एचपीव्ही या विषाणूच्या तपासणीची सोय झालेल्या गटात आठ वर्षांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले. तपासणी न मिळालेल्या, त्याहून काहीशा लहान गटात ६४. या दुसऱ्या गटाला तपासणीवाचून ठेवणे उचित होते का, हा प्रश्न पुढे विचारला गेला आणि तो विचारला जायलाच हवा होता. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांचा आधार आज देशोदेशींच्या तपासणी मोहिमांना आहे. खुरपे बाजूला ठेवून, संकोच गिळून तपासणीला गेलेल्या आणि तपासणीवाचून राहिलेल्या, अशा दोन्हींकडच्या मायमाउल्यांचे ते देणे आहे.

ज्या मातीतून हे ज्ञान उगवले, त्याच मातीत ऐकीव उपायांनी जीव जावेत, हे आपल्याला शोभणारे नाही. तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांसाठी सरकारी आरोग्य यंत्रणेत दर पाच वर्षांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी करण्याचे धोरण आहे. घरातल्या पुरुषांनी त्या दिवशी शेतातले काम स्वतःकडे घ्यावे, सुनेने सासूला आणि सासूने सुनेला सोबत न्यावे. घरगुती काही घेतले असेल तर डॉक्टरांपासून लपवू नये. धीर देणाऱ्या शेजारणीने धीर जरूर द्यावा, आणि त्याच दमात विचारावे, दवाखान्यात कधी जायचे? आपण तिच्याबरोबर निघालो, तर या जिल्ह्यातील लेकीबाळींनी जगाला दिलेले शहाणपण आपल्याही घरी नांदू लागेल.