राक्षस किती आणावेत?

लपाछपीत धाकट्या भावंडाला 'कच्चं लिंबू' करता ना? त्याच्यावर राज्य येत नाही, पण ते खेळात राहतं. आजचा खेळ निराळा, पण प्रश्न तोच!

खेळाचं नाव 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. अमेरिकेतल्या गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी तो तयार केला आणि १९७४ मध्ये तो बाजारात आला. यात एक जण 'डंजन मास्टर' होतो, म्हणजे गोष्ट सांगतो आणि राक्षसांच्या वतीनं खेळतो. बाकीचे गोष्टीतले वीर होतात : कुणी योद्धा, कुणी जादूगार. वार लागला की हुकला, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

नवा डंजन मास्टर हौसेनं पहिल्याच लढाईत दांडगा 'ओगर' राक्षस आणतो. २०१४ च्या नियमांत ओगरच्या सोट्याचा एक तडाखा सरासरी १३ प्राण घेतो. नव्या जादूगाराकडे प्राण असतात जेमतेम सात-आठ! तो आडवा, आणि त्याचा गडी दुपारभर नुसता बघत बसणार. पुढच्या रविवारी तो येईल का?

"मग छोटे गॉब्लिन आणू!" थांबा, आधी गणित करा. एका गॉब्लिनचे गुण ५०. चार नव्या वीरांना ४०० गुणांची लढाई जीवघेणी. चार गॉब्लिन म्हणजे २०० च की! पण नियम सांगतो, शत्रू तीन ते सहा असले तर बेरीज दुप्पट धरा. झाले ना ४००? कारण चार शत्रू म्हणजे दर फेरीला चार वार. दोनच आणलेत तर दीडपट, म्हणजे १५०. हे झेपेल. २०२४ च्या नियमांतून ही दुप्पट-दीडपट गेली, पण वार मोजायची सवय ठेवाच.

तरीही अंदाज चुकला तर? फासा गुपचूप फिरवू नका, तो रडीचा डाव! गोष्टीला वळण द्या. म्होरक्या पडताच बाकीचे गॉब्लिन पळू देत. किंवा वीरांना मारण्याऐवजी कैद करू देत; पुढच्या वेळी सुटकेची गोष्ट रंगेल.

सगळे राक्षस तुमच्याच हातात, तेव्हा वीरांना हरवण्यात कसली आलीय बहादुरी? डाव संपल्यावर सगळ्यात धाकट्यानं "पुन्हा कधी?" असं विचारलं, की समजा, तुम्हाला जमलं!