पाटीचीला आणि सायकलचे कॅरिअर

आपल्यासारख्या घरांत एका वस्तूला दोन नावे असतात. शाळेला न्यायच्या पिशवीला आई दप्तर म्हणते आणि कन्नड बोलणारी आजी पाटीचीला म्हणते. चीला म्हणजे पिशवी, आणि पाटी ती आपली दगडी पाटीच. आता पाटी गेली. तिच्या जागी पाठ्यपुस्तके, वह्या, कंपासपेटी, पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा आला. पाटी गेली तरी नाव राहिले आणि चीला फुगतच गेला. हा फुगलेला चीला सायकलवर कुठे आणि कसा ठेवायचा, याबद्दल आज लिहायचे आहे. विषय किरकोळ वाटेल. पण आमच्याकडे एका मुलीची शाळा याच गोष्टीवर अडली होती, म्हणून लिहितो.

कर्नाटक सरकारने २००६-०७ साली आठवीच्या विद्यार्थ्यांना मोफत सायकल देण्याची योजना सुरू केली. खेड्यापाड्यांतून हायस्कूलला निघालेल्या मुलींच्या रांगा रस्त्यावर दिसू लागल्या. सायकल घरी आली, पण तिच्यावर दप्तर कसे लादायचे हे कोणी सांगितले नाही. राजेश्वरला सकाळी रस्त्याच्या कडेला उभे राहिले की तीन तऱ्हा दिसतात. कोणी दप्तर पाठीवर घेतलेले असते, कोणी हँडलला अडकवलेले, तर कोणी कॅरिअरच्या चापाखाली कसेबसे दाबलेले असते आणि पट्टे दोन्ही बाजूंनी लोंबत असतात. रस्ताही साधासुधा नाही. पूर्वी नऊ नंबरचा म्हणून ओळखला जाणारा आणि आता ६५ क्रमांकाचा झालेला पुणे-सोलापूर-हैदराबाद हमरस्ता इथूनच जातो. त्यावर मालट्रकांची ये-जा रात्रंदिवस चालू असते.

मागच्या वर्षी नववीतली एक मुलगी या तिसऱ्या तऱ्हेने चालली होती. खड्ड्यात गचका बसला, दप्तर एका अंगाला कलले, पट्टा मागच्या चाकाच्या तारांत गेला आणि चाक जागीच थांबले. मुलगी पडली. सुदैवाने ती गावातल्या रस्त्यावर होती, मागे वाहन नव्हते. कोपर सोलवटले, तेवढ्यावर निभावले. पण संध्याकाळी तिचे वडील माझ्याकडे आले ते निर्णय घेऊनच. ‘सर, पोरीला आता घरीच ठेवतो. दहावीचा फॉर्म बाहेरून भरू.’ मी म्हटले, ‘अण्णा, शाळा सोडवायच्या आधी एकदा कॅरिअर बदलून बघू या की.’ ते हसले नाहीत, पण उठूनही गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघे सायकल घेऊन उस्तादांच्या दुकानात गेलो.

पहिले काम वजनाचे. शेजारच्या किराणा दुकानातल्या काट्यावर दप्तर ठेवले. डबा-बाटलीसकट साडेसात किलो भरले. कर्नाटक सरकारच्या २०१९ सालच्या परिपत्रकात सहावी ते आठवीच्या दप्तराला तीन ते चार किलोची आणि नववी-दहावीला चार ते पाच किलोची मर्यादा घातलेली आहे. केंद्र सरकारच्या २०२० सालच्या दप्तर धोरणातही मुलाच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त ओझे नको, असेच म्हटले आहे. म्हणजे चाळीस किलोच्या मुलीला चार किलो. वेळापत्रक समोर ठेवून दप्तर पुन्हा भरले, तेव्हा दोन जाड पुस्तके आणि एक संपलेली वही बाहेर राहिली. तरी काटा साडेपाचावर थांबला. कॅरिअर कितीही मजबूत असले तरी सुरुवात इथूनच करायला हवी.

मग एवढे वजन पाठीवर घेतले तर काय बिघडते? पाठीवरचे ओझे उंचावर असते. वळताना, ब्रेक दाबताना ते अंगाला एका बाजूला ओढते, आणि मान-खांदे दुखतात ते वेगळेच. हँडलला अडकवले तर त्याहून वाईट, कारण पिशवी झुलते तसे पुढचे चाक झुलते. ओझ्याची योग्य जागा म्हणजे सीटच्या मागे, शक्य तितकी खाली आणि मागच्या चाकाच्या आसाच्या पुढे किंवा बरोबर वर. वजन आसाच्या फार मागे गेले की पुढचे चाक हलके होते आणि सायकल डुलायला लागते.

हे शास्त्र आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक होते. घोड्याच्या पाठीवर टाकायची पडशी किंवा खुरजी दोन कप्प्यांची असते, म्हणजे दोन्ही अंगांना सारखा भार. बैलावर लादायच्या गोणीचेही तेच, आणि गोणी हा शब्द तर मराठी-कन्नड दोन्ही घरांत नांदतो. सायकलची सीटसुद्धा घोड्याकडूनच आली म्हणायची. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमची ब्रुक्स कंपनी १८६६ मध्ये घोड्यांचे चामडी सामान करण्यापासून सुरू झाली आणि १८८२ मध्ये तिने सायकलच्या सीटचे पेटंट घेतले. त्या चामडी सीटांना मागे दोन कड्या असतात. त्यांत पट्टे ओवून पिशवी लटकवायची, ही तिकडची जुनी पद्धत. कॅराडाइस नावाचे तिकडचे कारखानदार १९३२ पासून अशा जाड कापडी पिशव्या शिवत आले आहेत.

लटकणाऱ्या पिशवीची एक अडचण आहे. उंच माणसाची सीट वर असते, तेव्हा सीट आणि टायर यांच्यामध्ये पिशवीला जागा मिळते. बुटक्या माणसाची किंवा मुलाची सीट खाली असते, चाक मात्र तेवढेच मोठे. मग पिशवीचा तळ टायरवर घासतो किंवा पिशवी मांड्यांना लागते. म्हणून तिच्या तळाशी आधार द्यावा लागतो. तिकडे त्यासाठी खास छोटी लोखंडी चौकट मिळते. आपल्याकडे तेच काम साधे कॅरिअर करते. ज्यांना सीटला पिशवी लटकवायची आहे त्यांनी आधी फूटपट्टीने दोन मापे घ्यावीत. एक सीटच्या खालच्या दांडीपासून टायरपर्यंतचे अंतर, दुसरे भरलेल्या पिशवीची उंची. पिशवी मोठी निघाली तर आधार हवाच. आमच्या मुलीच्या सायकलीचे अंतर सतरा सेंटिमीटर होते आणि दप्तर चाळीस सेंटिमीटर. तेव्हा लटकवणे बाद झाले आणि आडवे ठेवायचे ठरले.

कॅरिअर निवडताना तीन प्रकार समोर आले. पहिला प्रकार सीटच्या पाइपला एकाच क्लॅम्पने धरणारा. दिसायला हलका आणि नव्या फॅशनच्या सायकलीला शोभणारा. पण त्याला खालून पाय नसतात, वजन पडले की तो क्लॅम्पसकट एका बाजूला फिरतो. रेनकोट किंवा रिकाम्या डब्यासाठी ठीक. दुसरा प्रकार पातळ अॅल्युमिनियमचा, पायांचा. गंजत नाही, वजनाला हलका, पण आपल्या रस्त्यांवर त्याला चीर गेली तर गावातल्या वेल्डिंगवाल्याला सहसा तो जोडता येत नाही. तिसरा प्रकार लोखंडी सळईचा, दोन्ही बाजूंना पाय आणि पुढे सीटखाली घट्ट पकड असलेला. वजनाला जड, पण मोडला तर कुठेही जोडून मिळतो. आम्ही तिसरा घेतला. कॅरिअरवर किती किलो पेलेल हे छापलेले असले तर ते वाचावे. छापलेले नसेल तर सळईची जाडी आणि जोडांवरचे वेल्डिंग बघावे. आणखी एक गोष्ट पाहिली, ती रुंदीची. अरुंद कॅरिअरवरून दप्तराच्या दोन्ही कडा खाली लोंबतात आणि तारांना लागतात. म्हणून बाजूंना खाली उतरणाऱ्या सळया असलेले कॅरिअर घेतले. दप्तर त्या सळयांवर टेकते, चाकापर्यंत जात नाही.

आता बसवणे. कॅरिअरचे पाय फ्रेमला वेगळी भोके असतील तर तिथे बोल्टने बसवावेत. नसतील तर मागच्या आसाच्या नटाखाली घालावे लागतात. तेव्हा नटाला पुरेसे आटे मिळतात ना, हे बघावे. नट पूर्ण बसून आसाचे टोक थोडे बाहेर दिसले पाहिजे. आसाचा नट सैल केला की चाक सरकते, म्हणून चाक मधोमध आणि चेन बरोबर ताणलेली आहे का, हे तपासूनच नट आवळायचा. कॅरिअरची पाटी सपाट असावी, पुढे किंचित उतरती चालेल, मागे उतरती अजिबात नको. मडगार्ड आणि कॅरिअर यांच्यात बोटभर जागा हवी, आणि ब्रेकची तार किंवा सळई कुठे दाबली जाऊ नये.

इथे आपल्या दोन भाषांची एक गंमत आहे. कन्नडात बिगि म्हणजे घट्ट, आणि मराठीत बिगीबिगी म्हणजे भरभर. उस्तादांचे म्हणणे असे, की जो नट बिगीबिगी बसवला तो बिगि बसत नाही. त्यांनी प्रत्येक नटाखाली स्प्रिंगचा वायसर घातला, चारही बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळले आणि बजावले, ‘आठ दिवसांनी परत एकदा पाना लावा.’ नवा जोड पहिल्या आठवड्यात बसका होतो, तेव्हा हे बरोबरच आहे.

दप्तर ठेवण्याचीही रीत ठरवली. तळाची, म्हणजे पुस्तकांची जड बाजू सीटकडे. दप्तराचे खांद्याचे पट्टे आत दुमडून पोटाखाली दाबायचे. वरचा चाप एकट्याने पुरत नाही, म्हणून जुन्या ट्यूबच्या दोन लांब पट्ट्या कापून एक पुढे, एक मागे आडवी ओढून घेतली. तिची टोके लोंबू द्यायची नाहीत. ओढणीचेही तसेच, ती कमरेला खोचून घ्यायची. मोटारसायकलीच्या मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे गार्ड सरकारी नियमाने बंधनकारक आहे. सायकलीला असा नियम नाही, पण कपडा आणि तार यांचे वैर तेच. म्हणून चेनच्या विरुद्ध बाजूलाही जाळी बसवून घेतली.

शेवटची गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सीटखाली किंवा मडगार्डवर लावलेला लाल रिफ्लेक्टर दप्तराने झाकला जातो. संध्याकाळी शिकवणीहून परतणारी मुलगी मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला मग दिसत नाही. म्हणून रिफ्लेक्टर काढून कॅरिअरच्या अगदी मागच्या कडेला लावला, आणि दप्तरावरही चमकणारी पट्टी शिवून घेतली.

सगळे झाल्यावर मुलीने दुकानासमोर चार फेऱ्या मारल्या. वडील पहिल्या दोन फेऱ्यांना सायकलीमागे चालले, तिसरीला थांबले. आता ती दहावीत आहे आणि शाळेतूनच परीक्षेला बसणार आहे.

वाचकहो, येत्या रविवारी आपल्या घरातल्या सायकलीचे मागचे चाक उचलून फिरवून बघा. काही घासते का ऐका. कॅरिअर दोन्ही हातांनी धरून हलवा. फ्रेम न हलता कॅरिअर एकटेच हलले तर कुठला तरी बोल्ट सैल आहे. तो तुम्ही स्वतः आवळू नका. सायकल जी चालवते तिच्या हातात पाना द्या आणि कुठला नट कसा आवळायचा हे तिला दाखवा. खड्डा रस्त्यात येतो तेव्हा बापही जवळ नसतो आणि उस्तादही.