तळे आटण्याआधी जाळे टाका

एप्रिल सरत आला की केज परिसरातल्या छोट्या पाझर तलावांत पाण्यापेक्षा गाळ जास्त उरतो. अशातच एखाद्या सकाळी रोहू, कटला पांढरी पोटे वर करून तरंगताना दिसतात. गावात कुजबुज सुरू होते, ‘कुणीतरी औषध टाकले.’ एकीकडे भांडण पेटते, तर दुसरीकडे तेच मेलेले मासे पिशव्या भरून घरी जातात. या दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत. त्यासाठी मासे धरण्याचे वेळापत्रक बदलायला हवे.

पुष्कळदा यात दोषी कुणी नसतो. पाण्यातला प्राणवायू संपलेला असतो. २० अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. रोहू, कटल्याला नीट जगायला ५ मिलिग्रॅमच्या आसपास लागतो. दिवसा पाण्यातले शेवाळ उन्हाच्या मदतीने प्राणवायू तयार करते. रात्री मात्र तेच शेवाळ, मासे आणि तळाचा कुजणारा गाळ असे सगळे मिळून तो वापरतात. म्हणून पहाटे साठा सर्वांत कमी असतो. पाणी खोल असेल तर रात्र निभावते. गुडघाभर पाण्यात निभावत नाही.

विष की गुदमरणे, याचा अंदाज काठावरूनही घेता येतो. प्राणवायू कमी पडला तर मासे आधी पहाटे पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकतात, मोठे मासे आधी मरतात आणि मरळ सहसा तग धरते, कारण तिला थेट हवेतून श्वास घेता येतो. दिवसाच्या कुठल्याही वेळी लहान-मोठे मासे, मरळ, बेडूक, पाणकिडे सगळेच एकदम मेले, तर विषाची शंका घ्यावी. अशा वेळी जनावरांनाही ते पाणी पाजू नये आणि नमुना तपासायला द्यावा.

कारण कोणतेही असो, तरंगणारा मासा ताटात नको. उन्हाळ्यात मेलेला मासा काही तासांतच सडू लागतो. तो कधी मेला हे आपल्याला ठाऊक नसते. शिवाय कीटकनाशक असलेच, तर चांगले शिजवल्याने ते निघून जाईल असे समजणे धोक्याचे आहे. फुकट मिळालेला मासा दवाखान्याच्या खर्चाने महाग पडू शकतो.

खरी हळहळ वेगळीच आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. एकटा मासा हा त्यावरचा इलाज नव्हे. पण भाकरी-कालवणाच्या ताटात जे कमी पडते, ते त्यात असते. शंभर ग्रॅम रोहूत साधारण १६ ते २० ग्रॅम प्रथिने असतात, शिवाय वनस्पतींतून न मिळणारे ब-१२ जीवनसत्त्व असते. काट्यासकट खाल्ले जाणारे छोटे मासे कॅल्शियमही देतात. मासे खाणाऱ्या घरांसाठी हा पोषणाचा साठा गावातच आहे, आणि तो आपण डोळ्यांदेखत कुजू देतो.

असे का होते? पावसाळ्यात तळ्यात सोडलेली बोटुकली फेब्रुवारीपर्यंत खाण्याजोगी होते. पण ‘अजून दोन महिने थांबू, वजन वाढेल,’ असा हिशेब केला जातो. ठेक्याची रक्कम भरलेल्याचा हा हिशेब चुकीचा नाही. तो पाण्यावर भरवसा ठेवणारा आहे, इतकेच. आणि आपल्याकडे तो भरवसा ठेवता येत नाही. केज तालुक्यातल्याच धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले, तेव्हा एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. जिथे धरणाची ही गत, तिथे पाझर तलावाचे काय?

म्हणून पहिले जाळे फेब्रुवारीत पडावे, दुसरे मार्चअखेरीस. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे याच सुमारास परततात. महिनोन्‌महिने फडावर राबलेल्या बाया-लेकरांना ताजा मासा गावातच, परवडेल अशा दराने मिळावा. ठेका देतानाच या दोन तारखा आणि गावासाठी राखायचा वाटा लिहून घ्यावा. मासा काही ग्रॅमने हलका भरेल, पण सगळाच मरून जाण्यापेक्षा ते बरे.

दुसरे काम ग्रामसभेचे. तलावाच्या भिंतीवर एक खूण करावी आणि पाणी तिच्याखाली गेले की मोटारी बंद, असे ठरवावे. शेवटचे पाणी उपसणाऱ्याची पिके जगतात हे खरे, पण जनावरांचे पिणे आणि उरलेले मासे दोन्ही जातात. मासे धापा टाकताना दिसलेच, तर शेणखत वा खाद्य टाकणे थांबवावे. पहाटे मोटार लावून तळ्याचेच पाणी फवाऱ्यासारखे उंचावरून तळ्यात सोडावे; हवेतला प्राणवायू त्यात मिसळतो. हा तात्पुरता उपाय आहे, पण त्या दिवशी जाळे टाकण्याइतकी सवड देतो.

आपल्याकडचे कितीतरी पाझर तलाव १९७२च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीच्या कामांवर लोकांनी स्वतः खोदले. ज्यांच्या घामातून ते उभे राहिले, त्यांच्या नातवंडांच्या ताटात त्यातला मासा जिवंतपणीच यायला हवा.