भाजी खा म्हणता, रान कुठाय?

मुलुंडच्या डोंगरालगतच्या पाड्यांवरची दोन जिवाची बाई तपासायला गेली की ऐकवतात, 'अंगात रक्त नाही, पालेभाजी खा.' टाकळा, कुर्डू, कंद रानात. आणि रान राष्ट्रीय उद्यानाच्या भिंतीआड. रान घेतलं सरकारनं, बोल मात्र बाईला!

बायांनो, गोळ्या फेकू नका. रक्त ११ ग्रॅमच्या खाली गेलं की नुसत्या भाजीनं भरून येत नाही. चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी रोज, १८० दिवस. रक्त कमी असेल तर दोन. लिंबासोबत घ्या, चहासोबत नको. शी काळी होते, भिऊ नका. ७ च्या खाली असेल तर तडक दवाखाना गाठा.

पण गोळी देऊन सरकार सुटत नाही. २०१५ ची अमृत आहार योजना गरोदर बाईला एक वेळचं जेवण देते, पण ती आदिवासी अनुसूचित क्षेत्रात. मुंबई त्यात नाही. का? आम्ही मुंबईत आलो नाही, मुंबई आमच्या रानात आली! २००६ चा वनहक्क कायदा राष्ट्रीय उद्यानातही लागू आहे. कंदमुळांसकट गौण वनउपज गोळा करायचा हक्क त्यात लिहिलाय.

पाड्यापाड्यावर सभा घ्या, दावे भरा. गोळी हवी, जेवण हवं, रानही हवं. तिन्ही हक्काचं, भीक नाही!