माय चार वाजता उठायची तेव्हा कुठं होता तुम्ही?

परवा एका मित्रानं मोबाईलवर एक व्हिडिओ पाठवला. सुटाबुटातला एक गुळगुळीत इसम सांगत होता, पहाटे चारला उठा. जग झोपलंय तोवर कमवा. नोकरी करा, वर जोडधंदा करा. मोठी झालेली सगळी माणसं असंच करतात. खाली हजारो लोकांच्या टाळ्या. मित्रानं वर लिहिलं होतं, 'हा तर तूच!'

हो, मीच तो. मी डॉक्टर आहे. गाव नरसी नामदेव, जिल्हा हिंगोली, वस्ती गावकुसाबाहेरची. दिवसा एका सरकारी दवाखान्यात कंत्राटी डॉक्टर, आठवड्यातून तीन रात्री रात्रपाळी. आणि पहाटे साडेतीन ते साडेसहा मोबाईलवर हळद विकणारा. म्हणजे मी मोठा झालोय आणि मलाच खबर नाही!

मित्रहो, या मोठेपणाचा पंचनामा करायचाय.

पहिली गोष्ट. माझी माय चाळीस वर्षं चारला उठते. हळदीचा हंगाम म्हणजे फेब्रुवारी ते एप्रिल. दुसऱ्याच्या रानात हळद खणायची, माती झाडायची, गड्डे वेगळे, हळकुंडं वेगळी. मग ती शिजवायची. पूर्वी कढईत, आता बॉयलरवर. वाफेनं तोंड भाजतं. मग उन्हात पसरायची, वळवायची, वेचायची. चार महिने तिची बोटं पिवळी. त्या बोटांनी ती भाकर थापायची, म्हणून आमच्या भाकरीलाही हळदीचा वास. वस्तीतली प्रत्येक बाई चारलाच उठते. तिचा कुणी व्हिडिओ काढला नाही. तिला कुणी टाळी दिली नाही. तिच्या चारला मजुरी म्हणतात, आणि कोटवाल्याच्या चारला शिस्त. भले शाब्बास!

दुसरी गोष्ट. मी हौसेनं धंद्यात पडलो नाही. डॉक्टर होताना घरावर कर्ज झालं. शिष्यवृत्ती यायची ती वर्ष सरल्यावर, आणि मेसवाला महिन्याच्या एक तारखेला दारात. नोकरी लागली तर ती कंत्राटी. एकदा चार महिने पगारच झाला नाही. सावकाराला काय, तो चार महिने थांबत नसतो. तेव्हा मायच म्हणाली, "आपल्याला काय येतं? हळद येती. मंग हळदच इकू." एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून पन्नास किलो हळकुंड उधारीवर आणलं, कांडपावर दळलं, आणि कॉलेजच्या जुन्या मित्रांना मोबाईलवर कळवलं. हिंगोली-वसमतच्या हळदीला नाव आहेच, २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. दोन वर्षांत महिन्याला दीडशे किलोपर्यंत गेलो.

पहाटेचं काम असं. रात्री आलेल्या मागण्या उतरवून घ्यायच्या, आलेले पैसे ताडून बघायचे, 'भाऊ, पार्सल अजून आलं नाही' म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायचं. मग माय, मावशी आणि शेजारच्या दोघी वजन करतात, पाकिटं सील करतात, मी पत्ते चिकटवतो. साडेसहाला हिंगोलीला जाणाऱ्या जीपवाल्याकडे पोती द्यायची. आंघोळ करून नऊला दवाखाना.

आता लेबल. खाण्याची वस्तू विकायची तर कायद्यानं नोंदणी लागते, आणि पाकिटावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता छापावा लागतो. इथंच आमचं घोडं अडलं. एक हितचिंतक म्हणाले, "आडनाव टाळा. 'माऊली' असं काहीतरी ठेवा. संतांचं गाव आहे तुमचं, त्याचा फायदा घ्या." दुसरे म्हणाले, "एखाद्या पाटलाच्या पोराला भागीदार दाखवा." मी विचारलं, का? दोघेही हसले. उत्तर द्यायची गरज वाटली नाही त्यांना.

आमची माय ज्या हळदीला हात लावते तीच गेली चाळीस वर्षं साऱ्या महाराष्ट्राच्या वरणात पडतेय. लग्नात नवरदेवाच्या अंगाला लागतेय. देवीच्या मळवटात जातेय. तोवर कुणाला विटाळ नाही. तिच्या आडनावाचं पाकीट झालं की मात्र विटाळ! मजूर म्हणून हात चालतो, मालकीण म्हणून चालत नाही.

आमच्या गावात १२७० साली नामदेव जन्मले असं सांगतात. जातीनं शिंपी. बापानं कापड विकायला बाजारात पाठवलं तर पोरगं दगडांना उधार देऊन आलं अशी कथा आहे. धंद्यात कच्चाच गडी. पण मंगळवेढ्यात भिंतीखाली चिरडून मेलेल्या चोखोबाच्या अस्थी वेचून पंढरपूरला नेल्या त्या याच माणसानं, असं वारकरी परंपराच सांगते. अस्थी वेचताना त्यानं विटाळ धरला नाही. त्याच्या नावानं एकादशीला लाखोंची गर्दी जमते कयाधूच्या काठी. त्यातले किती जण आमच्या वस्तीतली हळद घेतील, हे मी कशाला सांगू?

आम्ही आडनाव छापलं. पूर्ण नाव, पूर्ण पत्ता. मायच्या नावानं. काही गिऱ्हाइकं पहिल्या पाकिटानंतर परत आली नाहीत. का, ते त्यांनाच माहीत. बरीचशी आली. वरचेवर मागवतात, मायला नावानं विचारतात. एवढं पुरे.

मग तिसरे हितचिंतक आले. "पाकिटावर डॉक्टर लिहा हो! 'डॉक्टरांची हळद.' कर्करोगावर गुणकारी, मधुमेहावर गुणकारी. दुप्पट भाव येईल." हे मात्र मी उडवून लावलं. डॉक्टरानं आपल्या नावाचा शिक्का मारून कुठलं औषध खपवू नये, असं वैद्यकीय परिषदेचे २००२ चे नियम सांगतात. असाध्य रोग बरे करण्याच्या जाहिरातींवर १९५४ पासून कायदा आहे. आणि कायदा नसता तरी खरं काय? हळदीत कर्क्युमिन असतं साधारण दोन ते पाच टक्के, आणि पोटात गेलेलं त्यातलं फारच थोडं रक्तात उतरतं. हळद भाजीत घाला. रोग झाला तर दवाखान्यात या. मी रोज बघतो, जखमेत हळद कोंबून आठ दिवसांनी येतात, तोवर पाय सुजून टरटरलेला. आमच्या लोकांना बुवांनी लुटलं, वैदूंनी लुटलं. आता आमचाच डॉक्टर हळदीचं पाकीट घेऊन लुटायला बसला तर त्याच्या डिग्रीला काडी लावावी.

आणि पिवळेधमकपणासाठी काही नालायक व्यापारी हळदीत लेड क्रोमेट घालतात. शिसं आहे ते. लेकराच्या मेंदूवर जातं. डॉक्टर असल्याचा धंद्यात एवढाच उपयोग, की हळकुंड दळायच्या आधी डोळ्यानं बघून घ्यायचं आणि तयार पूड बाहेरून कधीच आणायची नाही.

इथवर मी शहाणा दिसतो. आता माझी लाज सांगतो.

गेल्या वर्षीची गोष्ट. रात्रीचे नऊ. पहाटे साडेतीनला उठलेला मी, दिवसभर ओपीडी, वर रात्रपाळी. एक बाई तापानं फणफणलेलं आठ किलोचं लेकरू घेऊन आली. पॅरासिटामॉलचं पातळ औषध दोन ताकदीचं असतं. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, आणि ५ मिलीत २५०. मी २५० चं लिहिलं आणि माप १२० चं घातलं. पाच मिली, दिवसातून चारदा. म्हणजे सरळ दुप्पट. सिस्टरनं चिठ्ठी माझ्यापुढं ठेवली आणि हळूच म्हणाली, "सर, हे एकदा बघता का?" मी बघितलं. घाम फुटला. लेकराच्या आईचे हात पिवळे होते.

त्या रात्री मी हिशेब केला. साडेतीन ते नऊ, साडेसतरा तास. ऑस्ट्रेलियातल्या डॉसन आणि रीड यांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये दाखवलं, की सतरा तास सलग जागलेल्या माणसाचा हात आणि डोकं, रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसाइतकं बिघडतं. आपल्याकडे गाडी चालवायला मर्यादा आहे ०.०३ टक्के. म्हणजे त्या वेळी मी ट्रक चालवला असता तर पोलिसानं दारुड्याच्या मापानं मला धरायला हवं होतं. पण ट्रक नव्हता, लेकरू होतं. सरकारी दवाखान्यात येणारं लेकरू कुणाचं असतं? पैसेवाल्याचं नसतं. आमच्या वस्तीचं असतं. कोटवाल्या इसमा, तुझ्या चारच्या गजराचा हिशेब त्या लेकरानं चुकवला असता.

मग मी रजा का मागितली नाही? 'साहेब, थकलोय' असं का म्हणालो नाही? कारण आमच्या डॉक्टरला थकायची मुभा नाही. दुसरा थकला तर तो माणूस आहे. आम्ही थकलो तर 'कोट्यातला आहे, झेपत नाही.' ते वाक्य ऐकू येऊ नये म्हणून आम्ही दुप्पट राबतो. २२ मे २०१९ ला मुंबईत डॉ. पायल तडवीनं जीव दिला. जातीवरून छळ झाला म्हणून तिची आई कोर्टाच्या पायऱ्या चढतेय. शिकणाऱ्या निवासी डॉक्टरांसाठी केंद्र सरकारनं १९९२ सालीच लिहून ठेवलंय, की दिवसाला बारा आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांच्या वर सहसा ड्युटी नको. लिहून ठेवलंय! कुठल्याही निवासी डॉक्टरला विचारा, आठवडा किती तासांचा असतो.

चळवळीतले मित्र वेगळंच टोचतात. "डॉक्टर झालास आणि वाणी झालास! १९३८ ला मनमाडला बाबासाहेबांनी काय सांगितलं? ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे दोन शत्रू." बरोबर. विसरलो नाही. पण बाबासाहेब १९१७ ला परदेशातून आले, बडोद्याच्या नोकरीत राहायला खोली मिळाली नाही, तेव्हा मुंबईत त्यांनी शेअर-रोख्यांचा सल्ला देण्याचा धंदा काढला होता. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाइकं फिरकेनात, धंदा बुडाला. आमच्या लेबलाची गोष्ट शंभर वर्षं जुनी आहे, मित्रहो! पुढं १९२५ ते १९२८ वकिली करताना ते बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवायचे. जोडकामच ते. आणि त्याच काळात, १९२७ ला, महाडचं तळं पेटलं. पोटासाठी चार पैसे मिळवणं म्हणजे भांडवलशाही नव्हे. दुसऱ्याच्या घामावर नाव आपलं लावणं म्हणजे भांडवलशाही.

आणि तेच मी करत होतो. ही दुसरी लाज. १९७९ चे वर्तणूक नियम सरकारी नोकराला परवानगीवाचून व्यापार करू देत नाहीत. माझ्या करारातही तसंच कलम आहे. म्हणून कागदावर मालकीण माय. पण मोबाईल माझ्या खिशात, खातं मी बघणार, भाव मी ठरवणार. मायला विचारलं, महिन्याला किती उरतात? म्हणाली, "मला काय ठावं? तूच तं बघतूस." जमीनदार जमीन बायकोच्या नावावर करतो, त्यात आणि माझ्यात काय फरक उरला?

लेकराच्या त्या चिठ्ठीनंतर पंधरा दिवसांत मी मोबाईल देऊन टाकला. मावशीची पोरगी बारावी झालीय, तिच्याकडं. मागण्या ती घेते, हिशेब ती लिहिते. दर रविवारी समाजमंदिरात हिशेब मोठ्यानं वाचला जातो. कांडपाचे किती, जीपवाल्याचे किती, कुरिअरचे किती, आणि उरलेले पाच घरांत कसे वाटले. पहिल्या रविवारी माय दोनदा म्हणाली, "फिरून वाच." दवाखान्यातल्या वरिष्ठांना मी लेखी कळवलं, की माझ्या आईचा हळदीचा धंदा आहे. कामही आता सकाळी सातला सुरू होतं. जीपवाल्याची पुढची फेरी नऊची आहे, तीच धरतात. पार्सल दोन तास उशिरा गेलं म्हणून पुण्या-मुंबईत कुणाचं वरण अडलेलं नाही. आणि माय साडेपाचला उठते. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

माझं कर्ज अजून फिटलेलं नाही. वाटणीनंतर घरात पूर्वीपेक्षा कमी येतं. पगार अजून उशिरा होतो. म्हणून सांगतो, जोडधंदा हा उपाय नव्हे. वेळेवर पगार, माणसाला झेपतील एवढे तास, कायम नोकरी, आणि शिष्यवृत्ती शिकत असताना, शिकून झाल्यावर नव्हे. हे आपल्या डॉक्टरांनी, नर्सबाईंनी, सफाईवाल्यांनी एकत्र येऊन मागायचंय. एकटा डॉक्टर पहाटे उठून हळद विकत बसला की सरकार सुटतं. त्याला वाटतं, चाललंय याचं बरं.

आणि वाचणाऱ्या माझ्या डॉक्टर भावांनो, बहिणींनो, तुम्हीही पहाटे काही विकत असाल. शिकवण्या घेत असाल, कपडे विकत असाल. लाजू नका. पण रात्रीची चिठ्ठी लिहिताना एकदा तास मोजा. सतराच्या वर गेले असतील तर शेजारच्या सिस्टरला म्हणा, बाई, हे एकदा वाचून बघा. त्यात कमीपणा नाही. मीही आता तेच करतो. आज रात्रपाळी आहे. दुपारी तीन तास झोपून निघतो.

जय भीम.